बॅट नवी पेठेत, सुवर्ण वेळापुरात

सोलापूरच्या नवी पेठेत संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. कपड्यांची दुकाने, चपलांचे ढीग, त्यातून हॉर्न वाजवत वाट काढणाऱ्या दुचाकी. या गर्दीत खेळाच्या सामानाच्या एखाद्या दुकानापुढे दहा मिनिटे उभे राहिले की शहराला कोणत्या खेळाचे वेड आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. बारा-तेरा वर्षांचा मुलगा काश्मिरी विलोची बॅट हातात घेऊन हवेतच ड्राइव्ह मारत असतो, बाप मागे उभा राहून किंमत कमी करून घेत असतो आणि दुकानदार बॅटवर चेंडू टकटक आपटून तिचा स्ट्रोक ऐकवत असतो. पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, किट बॅग छतापर्यंत रचलेल्या. याच दुकानात खो-खोचे सामान मागितले तर दुकानदार क्षणभर विचार करतो आणि काउंटरखालून गुडघ्याच्या नी-कॅपची जोडी काढून देतो. संपले सामान. खो-खोला विकत घेण्यासारखे दुसरे काही लागतच नाही.

गंमत अशी की जगज्जेतेपद या जिल्ह्यात आले ते काउंटरखालच्या त्या जोडीच्या वाटेने.

क्रिकेटच्या वाटेनेही ते अगदी दारापर्यंत आले होते. 11 फेब्रुवारी 2024 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनी इथे 19 वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत होती. भारताच्या डावाची सुरुवात करायला उतरलेल्या दोघांपैकी एक सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी. समोर ऑस्ट्रेलिया. भारत 79 धावांनी हरला. त्याच्या तीन महिने आधी अहमदाबादला एकदिवसीय विश्वचषकात, त्याच्याही आधी जून 2023 मध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाच्या लढतीत मोठ्यांच्या संघाचेही हेच झाले होते. नऊ महिन्यांत तीन अंतिम सामने, तिन्हींत समोर तोच पिवळा किंवा पांढरा पोशाख. “काय खातेत बे हे लोक?” हा प्रश्न सोलापुरात तेव्हा पानटपरीपासून डॉक्टरांच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे ऐकू येत होता.

प्रश्न वाटतो तितका उडवून लावण्यासारखा नाही. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या जेमतेम पावणेतीन कोटींच्या आसपास, महाराष्ट्राच्या चौथाईहूनही कमी. तरी पुरुषांचे एकदिवसीय विश्वचषक सहा, महिलांचे सात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 2024 साली 18 सुवर्णपदके आणि पदकतक्त्यात चौथा क्रमांक. माणशी हिशेब मांडला तर शेजारचा न्यूझीलंड त्याच्याही पुढे जातो. 2011 च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाख होती. न्यूझीलंड त्याहून थोडासाच मोठा, आणि पॅरिसहून त्याने 10 सुवर्णपदके नेली.

याची जी उत्तरे गप्पांत दिली जातात त्यातली बरीचशी तपासली की गळून पडतात. ऊन भरपूर असते म्हणावे, तर उन्हाच्या बाबतीत सोलापूरने कुणापुढे हार मानायचे कारण नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर सहज जातो. मांसाहार म्हणावा, तर अर्जेंटिनातले लोक गोमांसाच्या बाबतीत कुणाला ऐकत नाहीत, पण त्यांची ऑलिंपिक पदके ऑस्ट्रेलियाच्या आसपासही नाहीत. रक्तातच असते म्हणावे, तर ज्या ब्रिटनमधून हे रक्त गेले त्या ब्रिटनला 1996 च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकच सुवर्ण मिळाले होते. आपल्याकडेही अशी उत्तरे तयार असतात. दुष्काळी भागातली पोरे काटक असतात, मालदांडी ज्वारीची भाकरी खाऊन वाढलेली असतात, म्हणून पळतात. भाकरीबद्दल दुमत नाही. पण तीच भाकरी आणि तोच दुष्काळ करमाळ्यात आहे, सांगोल्यात आहे, जतला आहे. खो-खोचे खेळाडू मात्र काही ठरावीक गावांतूनच ओळीने बाहेर पडतात. तेव्हा कारण हवापाण्यात नाही, त्या गावांत काय चालते त्यात शोधायला हवे.

ऑस्ट्रेलियातही नेमका हाच शोध घ्यावा लागला, आणि तो एका गावाच्या नावानेच ओळखला जातो. न्यू साउथ वेल्समध्ये सिडनी आणि मेलबर्न यांच्या दरम्यान वागा वागा नावाचे गाव आहे, आपल्या तालुक्याच्या मोठ्या गावाएवढे. या एका गावातून क्रिकेट कर्णधार मार्क टेलर, सलामीचा मायकेल स्लेटर, वेगवान गोलंदाज जेफ लॉसन, ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधले वेन कॅरी आणि पॉल केली असे खेळाडू निघाले. तिथली वर्तमानपत्रे याला ‘वागा इफेक्ट’ म्हणू लागली. बाकी यादीही अशाच गावांची आहे. ब्रॅडमन बाउरलचा, ग्लेन मॅग्रा नॅरोमाइनचा, टेनिसमधली इव्हॉन गूलागाँग बॅरेलन या गव्हाच्या छोट्या गावातली. 2006 साली जाँ कोटे, ब्रूस अ‍ॅबरनेथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंची जन्मगावे तपासली, तेव्हा पाच लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावांतून आलेल्या खेळाडूंचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त आणि महानगरांचे बरेच कमी निघाले.

असे का, याचे स्पष्टीकरण साधे आहे. लहान गावात मैदान घरापासून चालत जाण्याइतके जवळ असते. मुले कमी, त्यामुळे संघ भरायला बारा वर्षांच्या पोराला अठरा वर्षांच्यांत उभे करतात आणि तो मार खाऊन शिकतो. एकाच खेळाला चिकटून राहणे परवडत नाही, उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात फुटबॉल खेळावाच लागतो. अ‍ॅश बार्टी विम्बल्डन जिंकण्यापूर्वी एक हंगाम महिलांच्या बिग बॅशमध्ये क्रिकेट खेळली होती; एलिस पेरी क्रिकेट आणि फुटबॉल या दोन्ही विश्वचषकांत ऑस्ट्रेलियाकडून उतरली. शनिवारी सकाळी आईबाप मैदानावर असतात, कुणी पंच, कुणी गुण लिहिणारा, कुणी सॉसेज भाजून विकून क्लबसाठी पैसे जमवणारा.

या शनिवारालाही इतिहास आहे. मेलबर्नच्या पाथरवटांनी 1856 साली संप करून आठ तासांचा दिवस मिळवला. पुढे शनिवारची अर्धी सुट्टी आली, आणि कामगाराला दिवसाउजेडी खेळायला वेळ मिळाला. सोलापुरात पहिली कापड गिरणी 1877 साली निघाली. तिच्या भोंग्यावर शहर उठायचे आणि झोपायचे; पण भारतातल्या गिरणी कामगाराला आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा 1940 च्या दशकात मिळाली. तरीही पाणीवेस, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम यांच्या हौद्यात माती उकरली जात होती, हे या शहराचे कौतुकच म्हटले पाहिजे. याच गिरणगावात 28 मार्च 1926 रोजी पॉली उम्रीगर जन्मला. कसोटीत द्विशतक काढणारा तो पहिला भारतीय. पण खेळाडू म्हणून तो घडला तो मुंबईत. क्रिकेटमध्ये सोलापूरकराला कुठेतरी जावे लागते, ही रीत तेव्हापासूनची. उम्रीगर मुंबईला गेला, अर्शिनला पुणे जवळ करावे लागले. शहराच्या पार्क स्टेडियमवर जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला, तेव्हा तो पाहायला आलेल्या कित्येकांनी आपल्या गावात पूर्वी कधी रणजी सामना पाहिलेलाच नव्हता.

वेळापूरकराला मात्र कुठे जावे लागले नाही.

सोलापूरहून पंढरपूर ओलांडून शंभरेक किलोमीटरवर, माळशिरस तालुक्यात वेळापूर आहे. लोकांना ते अर्धनारी नटेश्वराच्या देवळामुळे आणि आषाढी वारीमुळे ठाऊक असते. ज्ञानेश्वर माउलींची पालखी इथल्या टेकावर आली की वारकरी पंढरपूरच्या दिशेने धावत सुटतात, त्याला धावा म्हणतात. खो-खोवाले हसत म्हणतात की आमच्या गावात पळण्याची सवय फार जुनी. या गावातल्या मैदानावर रामजी कश्यप तयार झाला. पोटापाण्यासाठी उत्तरेकडून येऊन इथे स्थिरावलेल्या कुटुंबातला हा मुलगा. 2022 साली अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली तेव्हा चेन्नई क्विक गन्सकडून खेळताना तो देशाच्या नजरेत भरला, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या संघात होता.

त्या विश्वचषकाचा तपशील जरा थांबून पाहण्यासारखा आहे. भारताच्या पुरुष संघाने अंतिम फेरीत नेपाळला 54-36 असे हरवले, महिलांनी नेपाळलाच 78-40 असे. दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. पुरुष संघात वाईकर आणि कश्यप यांच्याशिवाय सुयश गरगटे, आदित्य गणपुले, अनिकेत पोटे. महिला संघात धाराशिवची अश्विनी शिंदे. स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचेही दोन संघ होते. त्यांच्यापैकी कुणालाही अंतिम फेरी दिसली नाही. नवी पेठेतल्या बॅटवाल्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

वेळापूर एकटे असते तर तो योगायोग म्हणता आला असता. पण पंढरपूर तालुक्यातली वाडीकुरोली हे मुलींच्या खो-खोचे गाव आहे, तिथल्या शाळेच्या मुली जिल्ह्याच्या संघात वर्षानुवर्षे दिसतात. सोलापूर शहरात उत्कर्ष, किरण स्पोर्ट्स अशी मंडळे आहेत. आणि सोलापूरहून तासा-दीड तासावर धाराशिव. तिथे प्रा. चंद्रजित जाधव यांच्या तालमीत मुलींची पिढीच्या पिढी घडली. सारिका काळे त्यातलीच. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाची ती कर्णधार, आणि 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा खो-खोला तो दोन दशकांहून अधिक काळाने मिळत होता. जवळजवळ दहा वर्षे एकवेळच्या जेवणावर काढल्याचे तिने त्यावेळच्या मुलाखतीत सांगितले होते. अशा गोष्टी वर्तमानपत्रांना फार आवडतात, आणि त्यांचा एक तोटाही आहे. गरिबीमुळे खेळाडू घडतो असा समज त्यातून होतो. गरिबी सगळीकडे आहे; मैदानावर रोज संध्याकाळी येऊन उभा राहणारा शिक्षक सगळीकडे नाही.

हा शिक्षक संध्याकाळी काय करतो, ते पाहिले की वागा वागाचे कोडे मराठीत सुटते. पाच वाजले की शाळेच्या मैदानावर पाणी मारलेले असते, म्हणजे धूळ बसते आणि गुडघा सोलत नाही. फक्कीने आखलेल्या रेषा, दोन्ही टोकांना खांब, मधल्या पाटीवर आठ जणी एकीआड एक उलट तोंडे करून बसलेल्या. नववी पाठलाग करते. तिला मधली रेषा ओलांडता येत नाही, मागे वळता येत नाही. पळणारीला मात्र दोघींच्या मधून कुठूनही सटकता येते. त्यामुळे धावण्याचा वेग हा या खेळातला निम्माच भाग. बाकीचा निम्मा हुलकावणीत आहे. खांद्याने एकीकडे जायचे दाखवायचे आणि पायाने दुसरीकडे जायचे. सातवीतली पोर दहावीतल्या ताईच्या मागे लागते, ताई साखळी काढत निघते, एक आड, दोन आड. पोर चुकते, धापा टाकते, चिडून वेळेआधीच ‘खो’ देते. कोपऱ्यातून सर ओरडतात, “पाठीला हात लागल्याशिवाय खो कसला!” पुन्हा पहिल्यापासून. महिन्याभराने तीच पोर खांबाजवळ सूर मारून ताईला बाद करते आणि उठल्यावर आधी कोपराकडे बघते, किती सोलले ते. या मैदानावर वयोगट नसतात. बारा वर्षांची आणि बावीस वर्षांची एकाच पाटीवर बसतात. कोटे आणि अ‍ॅबरनेथी ज्याला लहान गावाचा फायदा म्हणतात तो हाच, फक्त इथे त्याला कुणी फायदा म्हणत नाही, जागा आणि माणसे कमी आहेत म्हणतात.

खर्च नसणे हे दुसरे कारण. नियम कागदावर आणण्याचे काम 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने केले, पण खेळ पसरला तो शाळांमधून, कारण शाळेला फक्की आणि दोन खांब एवढेच आणायचे होते.

तिसरे कारण नोकरी, आणि त्याबद्दल संकोचाने बोलण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात 2005 पासून शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत, आणि रेल्वेसारख्या खात्यांची खेळाडू भरती आहे. गावातली एक मुलगी खो-खो खेळून सरकारी नोकरीला लागली की दुसऱ्या दिवशी पाच बाप आपल्या मुलींना मैदानावर आणून सोडतात. सारिका काळे पुढे क्रीडा अधिकारी झाली. तिच्या मागे मैदानात आलेल्या मुलींना ते पद पुरस्काराइतकेच दिसले असणार. याच वाटेने बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणेही आली, हे खरे. तरी मुलीला अर्ध्या चड्डीत मैदानावर पाठवायला तयार नसलेला बाप या एका कारणाने तयार झाला, ही गोष्ट छोटी नाही.

माळशिरसची गोष्ट खो-खोवरच संपत नाही. याच तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी भालाफेक, गोळाफेक करायची. क्रिकेटकडे वळली, 2022 साली नागालँडकडून खेळताना अरुणाचल प्रदेशविरुद्ध तिने 162 धावा काढल्या. टी-ट्वेंटीत दीडशेचा टप्पा ओलांडणारी ती पहिली भारतीय. त्याच वर्षी ती भारताकडूनही खेळली. साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर खो-खो खेळता खेळता धावण्याकडे गेली आणि 2016 मध्ये रिओच्या स्टीपलचेस अंतिम फेरीत दहावी आली. एका खेळातून दुसऱ्यात जाणे हे ऑस्ट्रेलियाच्या यशाचे गुपित म्हणून सांगितले जाते. इथल्या दुष्काळी तालुक्यांत ते कुणी शिकवले नव्हते.

मग ऑस्ट्रेलिया पुढे आणि आपण मागे कुठे पडतो? खेळाडू घडण्याच्या पहिल्या पाच वर्षांत नव्हे. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने 80 सुवर्णांसह एकूण 228 पदके जिंकून पहिला क्रमांक पटकावला. खेलो इंडिया युवा स्पर्धेत 2025 साली 58 सुवर्णे मिळवून पुन्हा पहिला. अठराव्या वर्षापर्यंत महाराष्ट्र हा भारताचा ऑस्ट्रेलिया आहे, असे म्हणायला हरकत नाही. पुढच्या दहा वर्षांत काय होते, तिथे गडबड आहे. खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीत कांस्य जिंकले. महाराष्ट्राच्या खेळाडूचे पुढचे वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते 2024 साली, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे. मध्ये 72 वर्षे.

ऑस्ट्रेलियालाही ही शिडी आयती मिळालेली नव्हती. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्यांना एकही सुवर्ण मिळाले नाही. एक रौप्य आणि चार कांस्ये. ते एकमेव रौप्यही हॉकीतले, अंतिम सामना शेजारच्या न्यूझीलंडकडून हरून. योगायोग असा की भारतीय हॉकीचाही तो काळा उन्हाळा होता. कृत्रिम हिरवळीवर पहिल्यांदा ऑलिंपिक हॉकी झाली, ऑस्ट्रेलियाने भारताला 6-1 असे धुतले आणि भारत सातवा आला. नाचक्की दोघांची झाली. ऑस्ट्रेलियाने 26 जानेवारी 1981 रोजी कॅनबेरात ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट सुरू केली. तिथे प्रशिक्षक, शरीरशास्त्राचे अभ्यासक, वसतिगृह, शिक्षण, सगळे एका आवारात आले आणि गावच्या क्लबमधून निघालेल्या पोराला पुढची पायरी दिसू लागली. सिडनीत 2000 साली 16 सुवर्णे आली. ही संस्था म्हणजे जादूची कांडी नव्हे; 2012 साली लंडनमध्ये त्यांची पुन्हा घसरगुंडी झाली. पण पायरी होती, म्हणून सावरता आले.

आपल्याकडे भारतीय क्रीडा प्राधिकरण 1984 साली आले. महाराष्ट्रात 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी बालेवाडीचे संकुल उभे राहिले आणि त्याच दशकात क्रीडा प्रबोधिनी निघाल्या. कुसाळे हा त्याच शिडीवरून चढलेला खेळाडू. क्रीडा प्रबोधिनी, नेमबाजीचे प्रशिक्षण, मग रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी आणि तिथून पॅरिस. म्हणजे शिडी आहे. पण ती अरुंद आहे, तिच्यावर काही मोजकेच खेळ चढू शकतात, आणि सोलापूर जिल्ह्याची पोरे ज्या खेळात सर्वांत तरबेज आहेत तो खेळ ऑलिंपिकमध्ये नाहीच. वेळापूरच्या पोराला त्याच्या खेळातले जे सर्वोच्च होते ते मिळाले, पुढची पायरी बांधलेलीच नाही. विश्वचषकानंतर राज्य सरकारने महाराष्ट्राच्या विजेत्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. रक्कम मोठी आहे, खेळाडूंनी ती कमावलेली आहे. तेवढ्या पैशात किती गावांच्या मैदानांवर मॅट येईल, असा हिशेबही मनात येतोच. कारण आता मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात आणि सराव अजून मातीत. मातीत सूर मारायची सवय असलेल्या पायाला मॅटवर वेगळी पकड लागते, वेगळे बूट लागतात. काहीच न लागणाऱ्या खेळाला आता काहीतरी लागू लागले आहे.

नवी पेठेतल्या दुकानात त्याची चाहूल लागली आहे. काउंटरखालचा नी-कॅपचा खोका वरच्या फळीवर आला आहे, शेजारी मॅटवर चालणारे रबरी तळाचे बूट. तालुक्याहून एसटीने आलेले एखादे सर पिशवीतून कागद काढतात, त्यावर मुलींच्या पायांची मापे पेन्सिलीने लिहिलेली असतात. चार नंबर सहा जोड, पाच नंबर आठ जोड. दुकानदार पाच नंबरचे आठ जोड नाहीत म्हणतो, सर सहा द्या म्हणतात, दोघी वाढत्या अंगाच्या आहेत, त्यांना सहा नंबर चालेल. बिल शाळेच्या नावाने करायचे की मंडळाच्या, यावर थोडा खल होतो. मागे बॅटवाल्यांची रांग थांबलेली असते.